सोसायटीतला संताप आणि पूर्वग्रह : कार्यकारी समितीने काय करावे

मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांमधली भांडणे बहुतेक ठरलेल्या विषयांवरून होतात: पार्किंग, छताची गळती, पाण्याची वेळ, पाळीव कुत्री आणि भाडेकरू. समितीचे सदस्य या भांडणांकडे सहसा स्वभावाचा प्रश्न म्हणून पाहतात. अमुक मजल्यावरचे काका तापट, तमुक विंगमधली माणसे भांडखोर, अशी नोंद मनात एकदा झाली की पुढचे प्रत्येक भांडण त्याच खात्यात जमा होते. सामाजिक मानसशास्त्रातल्या गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा कल मात्र वेगळ्या दिशेला आहे. आक्रमकतेत आणि पूर्वग्रहात स्वभावाचा वाटा असतोच, परंतु माणूस कोणत्या परिस्थितीत अडकला आहे, त्याच्या आजूबाजूचे लोक काय खपवून घेतात आणि निर्णय कोणत्या क्रमाने घेतला जातो, यांचा वाटा आपण धरून चालतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. कोणाचा स्वभाव बदलणे हे सेक्रेटरीचे काम नाही आणि ते त्याला जमणारही नाही. सभेची वेळ, अर्ज हाताळण्याची रीत, स्पर्धेतले संघ आणि ग्रुपवरचे नियम मात्र समितीच्या हातात असतात, आणि हे टिपण तेवढ्याच कामासाठी आहे.

तक्रार वहीपासून सुरुवात करा

राग ही भावना आहे. समोरच्याला इजा व्हावी, त्याचा अपमान व्हावा या हेतूने केलेली कृती म्हणजे आक्रमकता. एखादी व्यक्ती अमुक समाजाची, प्रांताची किंवा पेशाची आहे एवढ्यावरून तिच्याविषयी आधीच बनवलेले मत म्हणजे पूर्वग्रह, आणि त्या मताप्रमाणे तिला वेगळी वागणूक देणे म्हणजे भेदभाव. सोसायटीच्या तक्रारीत हे चारही एकमेकांत मिसळून येतात. ‘वरच्यांनी बाल्कनीतून पाणी सांडले’ ही तक्रार झाली. ‘ही माणसे अशीच असतात’ ही तक्रार नव्हे. म्हणून तक्रार वहीत चार रकाने आखून घ्यावेत: केव्हा, कुठे, प्रत्यक्ष काय पाहिले किंवा ऐकले, आणि काय व्हावे अशी अपेक्षा आहे. विशेषणांना आणि समाजाच्या नावाला रकाना ठेवू नये.

ही काळजी का घ्यायची, याचे उत्तर आपल्याच देशातल्या एका अभ्यासात मिळते. डोनाल्ड टेलर आणि वैष्णा जग्गी यांनी 1974 मध्ये दक्षिण भारतातल्या हिंदू कारकुनांसमोर काही साधे प्रसंग ठेवले. प्रसंगातली व्यक्ती कधी हिंदू होती, कधी मुसलमान. ती कधी चांगली वागत होती, कधी वाईट. आपल्या समाजातल्या माणसाचे चांगले वागणे कारकुनांनी त्याच्या स्वभावाला जोडले आणि वाईट वागण्याचे खापर परिस्थितीवर फोडले. दुसऱ्या समाजातल्या माणसाच्या बाबतीत तेवढी सूट मिळाली नाही. सोसायटीत हेच रोज घडते: आपल्या मुलाने जिन्यात चेंडू आपटला तर मूल म्हटले की खेळणारच, आणि शेजारच्या भाडेकरूच्या मुलाने आपटला तर घरचे संस्कार. चार रकाने भरताना लिहिणाऱ्याला आधी घटनेपाशी थांबावे लागते. कारण शोधण्याचे काम नंतर समितीने करायचे.

राग कुठे अडला आहे ते पाहा

येल विद्यापीठातल्या जॉन डोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1939 मध्ये असे मांडले की माणसाची वाट अडली, हवे ते मिळता मिळता राहिले, की आक्रमकता निर्माण होते. हा सिद्धांत त्या सरळसोट रूपात टिकला नाही. लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी 1989 मध्ये त्यात दुरुस्ती केली आणि दाखवून दिले की अडवणूकच असावी असे नाही. उकाडा, गोंगाट, दुखणे अशी कोणतीही त्रासदायक गोष्ट मनात आधी अस्वस्थता आणते आणि त्या अस्वस्थतेतून आक्रमक वागणे सोपे होते. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात डग्लस केनरिक आणि स्टीव्हन मॅकफार्लेन यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिरवा दिवा लागल्यावरही एक गाडी मुद्दाम चौकात उभी ठेवली होती. उन्हाचा पारा चढला तसा मागच्या गाड्यांचा हॉर्न वाढला, आणि ज्यांच्या गाडीच्या काचा खाली होत्या, म्हणजे बहुधा आत एसी नव्हता, त्यांच्या बाबतीत हा संबंध अधिक ठळक होता.

आता आपल्या सर्वसाधारण सभेचे चित्र पाहा. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यायची असते, म्हणून ती पावसाळ्याच्या शेवटच्या दमट दिवसांत येते. वेळ रात्री साडेनऊची, कारण सगळे कामावरून परतलेले असावेत. जागा स्टिल्टमधली, जिथे एक पंखा आणि दोन ट्यूबलाइट. माणसे विरार किंवा कल्याणच्या गाडीत तासभर उभी राहून, न जेवता आलेली. विषयपत्रिकेत पहिलाच विषय मेंटेनन्सवाढीचा. एवढे सगळे जुळवून आणल्यावर आवाज चढला नाही तरच नवल. सभा रविवारी सकाळी घ्यावी, चहा-नाश्ता सभेच्या आधी द्यावा, वादाचा विषय तिसरा किंवा चौथा ठेवावा, आणि पंखे भाड्याने आणण्याच्या खर्चावरून खजिनदाराने कुरकुर केली तरी आणावेत. मानसशास्त्राच्या नावाखाली हा फार किरकोळ सल्ला वाटेल, पण माझ्या मते या टिपणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर लागू पडणारा सल्ला हाच आहे.

अडवणुकीबद्दल आणखी एक बाब महत्त्वाची. निकोलस पास्तोरे यांनी 1952 मध्ये दाखवले की अडवणूक मनमानी वाटली तर लोक जास्त चिडतात. त्यांच्या प्रसंगांपैकी एक बसचा होता: चालक मुद्दाम थांब्यावर न थांबता गेला तर संताप, पण बसवर ती गॅरेजकडे चालल्याची पाटी असेल तर तेवढा संताप नाही. बेस्टच्या थांब्यावर उभ्या राहिलेल्या कोणालाही हे पटवून द्यावे लागणार नाही. समितीच्या नोटिशींना मात्र ही पाटी सहसा नसते. ‘उद्या पाणी येणार नाही, सर्वांनी नोंद घ्यावी’ एवढेच लिहिण्याऐवजी पाणी का येणार नाही, किती ते किती वाजेपर्यंत, टँकर मागवला आहे का आणि कोणत्या विंगला आधी का मिळणार, हे चार ओळींत लिहावे.

अडलेला राग योग्य माणसापर्यंत पोहोचला नाही तर तो जवळच्या दुबळ्या माणसावर निघतो, आणि सोसायटीत तो माणूस म्हणजे वॉचमन, सफाई कामगार किंवा पार्सल घेऊन आलेला मुलगा. पार्किंगचा नियम समितीचा, पण शिव्या खाणार वॉचमन, अशी आपली व्यवस्था असते. त्याच्या टेबलावर एक छापील पाटी ठेवावी: हा नियम समितीचा आहे, हरकत असल्यास वहीत लिहावी किंवा पुढील सदस्याला फोन करावा. त्याखाली त्या आठवड्यात जबाबदारी असलेल्या समिती सदस्याचा नंबर असावा. वॉचमनला नियम समजावून सांगण्याच्या कामातून मोकळे करावे. त्याने फक्त पाटीकडे बोट दाखवायचे.

एका सर्वमान्य समजुतीपासून मात्र सावध राहावे, ती म्हणजे ‘एकदा मनातले सगळे बाहेर पडू द्या, शांत होतील’. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये सहाशे विद्यार्थ्यांना आधी चिडवले. त्यांतल्या काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले आणि काहींना नुसते बसवून ठेवले. ठोसे मारणारे अधिक चिडलेले आणि अधिक आक्रमक निघाले. काहीच न करणारे त्यांच्यापेक्षा शांत राहिले. सभेत एखाद्याला जुन्या भांडणाची सगळी हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगू देणे म्हणजे त्याच्या हातात ती बॅग देण्यासारखेच आहे. अध्यक्षांनी ‘काय झाले ते सांगा’ असे न विचारता ‘आता काय केले तर चालेल’ असे विचारावे, बोलण्याची वेळ सर्वांना सारखी द्यावी, आणि उत्तर मिळताच ते इतिवृत्तात घ्यावे.

ए विंग विरुद्ध बी विंग

माणसांत गट पडायला फार मोठे कारण लागत नाही. हेन्री ताजफेल यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ब्रिस्टलमधल्या 14-15 वर्षांच्या मुलांना, पडद्यावरच्या ठिपक्यांचा अंदाज कमी सांगितला की जास्त, अशा क्षुल्लक कारणावरून दोन गटांत टाकल्याचे सांगितले. आपल्या गटात कोण आहे हेही त्यांना माहीत नव्हते. तरी बक्षिसाचे पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. एवढेच नव्हे तर दोन गटांतला फरक वाढावा म्हणून आपल्या गटाला मिळू शकणारी मोठी रक्कमही काहींनी सोडली. दादरला फलाटावर ‘आत सरका’ म्हणून ओरडणारा माणूस डब्यात शिरताच पुढच्या स्टेशनवर ‘आत जागा नाही’ म्हणतो, हे आपण सगळे पाहतो, आणि आपणही म्हणतो.

म्हणून सोसायटीत गट पाडणारी नावे जिथे विनाकारण आली असतील तिथून ती काढावीत. मालक आणि भाडेकरू यांचे वेगळे व्हॉट्सॲप ग्रुप, जुने सभासद आणि पुनर्विकासानंतर आलेले सभासद यांच्या वेगळ्या रंगाच्या पार्किंग स्टिकर्स, घरकामाच्या बायकांना वेगळी लिफ्ट, या सगळ्यांतून रोज एक रेघ ओढली जाते. घरकामाच्या बायकांच्या लिफ्टचे समर्थन गर्दीच्या नावाने होते, परंतु गर्दी हेच कारण असेल तर वेळ ठरवता येते. माणसे ठरवण्याची गरज पडत नाही.

सर्वांत जास्त चूक होते ती सलोखा वाढवण्याच्या कार्यक्रमांत. एकत्र आणले की मने जुळतात, या समजुतीने समित्या स्नेहसंमेलन ठेवतात, आणि लोक आपापल्या माणसांत बसून जेवून निघून जातात. मुझफ्फर शेरीफ यांनी 1954 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात 22 मुलांचे एक शिबिर भरवले होते. अकरा-अकराच्या दोन गटांत स्पर्धा लावल्यावर काही दिवसांतच झेंडे जाळण्यापर्यंत वैर पोहोचले. नंतर त्यांना एकत्र जेवायला आणि सिनेमा पाहायला बसवले, तेव्हा जेवणाची फेकाफेक झाली. वैर ओसरले ते शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडल्यावर, टाकीपासून नळापर्यंतची वाट दोन्ही गटांना मिळून शोधावी लागली तेव्हापासून. आणि तेही एका दिवसात नाही, अशी बरीच सामायिक कामे झाल्यावर. याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट यांनी चांगल्या संपर्कासाठी चार अटी सांगितल्या: दोन्ही बाजूंचा दर्जा त्या प्रसंगापुरता समान असावा, उद्दिष्ट सामायिक असावे, ते गाठण्यासाठी एकमेकांची गरज पडावी, आणि वरिष्ठांचा किंवा नियमांचा त्याला उघड पाठिंबा असावा.

या चार अटी लावून आपले कार्यक्रम तपासून पाहावेत. गणपतीत सगळ्यांकडून वर्गणी घेतली आणि आरतीला मात्र ठरावीक घरांनीच पुढे उभे राहायचे असेल, तर दर्जा समान नाही. ईदला एका घराने सगळ्यांना शीरखुर्मा पाठवला, तर गोडवा येतो पण एकमेकांची गरज पडत नाही. या गोष्टी करू नयेत असे नाही. त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. टाकी साफ करण्याची देखरेख, ओला कचरा वेगळा करून खत करणे, लिफ्ट बदलण्यासाठी तीन कंपन्यांचे दर मागवून तुलना करणे, अशा कामांसाठी दोघा-तिघांच्या तुकड्या कराव्यात आणि त्यांत विंग, भाषा, मालक-भाडेकरू यांचे मिश्रण मुद्दाम करावे.

क्रिकेट स्पर्धेबाबत तर आता थेट पुरावा आहे. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात शेकडो तरुणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे संघांत वाटले. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकाच संघात खेळलेल्या निरनिराळ्या जातींच्या मुलांमध्ये मैत्री वाढली, तर दुसऱ्या जातीच्या मुलांशी केवळ प्रतिस्पर्धी म्हणून सामना झाला तिथे ती वाढण्याऐवजी घटल्याचे दिसले. सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटमध्ये ए विंग विरुद्ध बी विंग हा सामना लोकप्रिय असतो हे खरे, पण तो बंद करावा. नावांच्या चिठ्ठ्या टाकून संघ करावेत.

पाठिंब्याच्या चौथ्या अटीचे आपल्या परिसरातले उदाहरण भिवंडीचे आहे. 1970 आणि 1984 मध्ये दंगलींनी होरपळलेल्या या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही समाजांतल्या सामान्य लोकांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि त्या नियमित भेटत राहतील हे पाहिले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या समित्या दंगलीच्या रात्री स्थापन झाल्या नव्हत्या. सोसायटीनेही सलोख्याची बैठक भांडणानंतर बोलावण्याची सवय सोडावी.

भाडेकरूचा अर्ज

‘फॅमिलीच हवी’, ‘बॅचलर नको’, ‘नॉनव्हेज चालणार नाही’, आणि मग आवाज खाली आणून ‘ते लोक नकोत’: मुंबईत घर शोधणाऱ्याला एजंटच्या तोंडून ही वाक्ये ऐकावी लागतात. काही इमारतींत मासे-मटण खातात म्हणून मराठी कुटुंबालाही नकार मिळतो, आणि त्यावर आपण योग्य कारणाने संतापतो. तोच संतापलेला माणूस आपल्या इमारतीत मुसलमान किंवा ईशान्येकडच्या भाडेकरूचे नाव आले की ‘सभासदांची भावना’ पुढे करतो, हेही सांगून टाकलेले बरे. हा भेदभाव कल्पनेतला नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 मध्ये खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले, तेव्हा दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे कमी आले. थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार अधिक मिळाल्याचे आढळले.

नकार देणारे स्वतःला पक्षपाती मानत नाहीत, आणि ते खोटे बोलत असतात असेही नाही. एरिक उलमान आणि जेफ्री कोहेन यांच्या 2005 च्या अभ्यासात पोलीस प्रमुखाच्या पदासाठी पुरुष उमेदवार शिकलेला असेल तर परीक्षकांनी शिक्षण महत्त्वाचे ठरवले, आणि तो रस्त्यावरच्या अनुभवाचा असेल तर शिक्षणाचे महत्त्व खाली आणले. निकष नकळत हव्या त्या माणसाभोवती शिवला जात होता. परीक्षकांनी उमेदवार पाहण्याआधी निकष ठरवून दिले, तेव्हा हा पक्षपात नाहीसा झाला. सोसायटीत नेमके हेच करायचे आहे आणि क्रम पाळायचा आहे.

पहिल्यांदा स्वतःचा अधिकार किती आहे ते तपासावे. राज्याच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने आधी कळवायचे आणि लिव्ह अँड लायसन्स कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. भोगवटेतर शुल्क, म्हणजे सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून संस्था घेते ते शुल्क, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्या संस्थेने कोणते उपविधी स्वीकारले आहेत ते काढून वाचावेत. भाडेकरूच्या ‘मुलाखती’ घेणाऱ्या अनेक समित्यांना त्यांतला कोणताही नियम तो अधिकार देत नाही. सभासदत्वाच्या अर्जाबाबत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही आणि नाकारल्यास कारण कळवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या बाजूने दिलेला निकाल काही जण पुढे करतात, परंतु तो फक्त पारशींनाच सभासद करून घेण्याच्या त्या संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींविषयी होता. न लिहिलेल्या रिवाजाला त्यातून आधार मिळत नाही.

दुसरे म्हणजे, कागदपत्रांची यादी एकदाच सर्वसाधारण सभेत ठरवून नोटीस बोर्डावर लावावी आणि ती प्रत्येकाला सारखी लावावी. एखाद्याकडून यादीबाहेरचा कागद मागायचा असेल तर कारण इतिवृत्तात लिहावे. कारण लिहायला सुरुवात करताच पुष्कळदा मागणीच मागे घेतली जाते. तिसरे, ‘सभासदांची भावना’ हे शब्द इतिवृत्तात येऊ देऊ नयेत. कोणत्या सभासदाने, कोणत्या घटनेबद्दल, केव्हा हरकत घेतली, एवढेच नोंदवावे. शेवटी, भाडेकरू राहायला आल्यावर त्रास झालाच तर तो त्या घराविरुद्धची तक्रार म्हणून वरच्याच चार रकान्यांत घ्यावा, पुढच्या अर्जदाराच्या खात्यात टाकू नये.

ग्रुपवर आणि प्रत्यक्ष जिन्यात

डेव्हिड मायर्स आणि जॉर्ज बिशप यांनी 1970 मध्ये दाखवले की सारख्या विचारांची माणसे आपसांत चर्चा करतात तेव्हा ती मूळच्या मतापेक्षा टोकाला जातात: कमी पूर्वग्रह असलेल्यांचा गट आणखी उदार झाला, जास्त असलेल्यांचा आणखी कडवा. रात्री अकरानंतर ग्रुपवर जागे असलेले आठ-दहा जण असा गट असतो. म्हणून सूचनांचा ग्रुप फक्त ॲडमिनना लिहिता येईल असा ठेवावा आणि तक्रारी वहीत किंवा ईमेलवर घ्याव्यात. कोणी समाजाचे नाव घेऊन फॉरवर्ड टाकला तर चेअरमनने वाद घालू नये, गप्पही राहू नये. फ्लेचर ब्लँचर्ड यांच्या 1991 च्या अभ्यासात, एका व्यक्तीने वंशद्वेषाचा स्पष्ट निषेध केलेला ऐकल्यावर इतरांचीही मते त्या बाजूला सरकली, आणि कोणी त्याची पाठराखण केली तर उलट दिशेला. ‘हा मजकूर या ग्रुपचा नाही, काढून टाकावा’ हे एक वाक्य, पहिल्या काही मिनिटांत, पदाच्या नावासह, पुरेसे असते.

जिन्यात किंवा गेटवर हातघाई सुरू झाली तर जमलेल्यांना दूर करणे आधी, समजूत नंतर. बघ्यांपैकी प्रत्येक जण दुसरा कोणी पुढे होईल असे समजतो, हे बिब लताने आणि जॉन डार्ली यांनी 1968 मध्येच दाखवले होते. ‘कोणी तरी फोन करा’ असे ओरडण्याऐवजी नाव घेऊन सांगावे: जोशीकाका, तुम्ही 112 लावा, रेश्माताई, मुलांना आत न्या. दोघांना एकमेकांच्या नजरेआड न्यावे आणि त्याच रात्री समेट घडवण्याचा आग्रह धरू नये. मारहाण, धमकी, स्त्रियांची छेडछाड किंवा जातीवाचक शिवीगाळ झाली असेल तर ते पोलिसांचे काम आहे. ‘घरातले घरात मिटवा’ म्हणून तक्रारदारावर दबाव आणण्याचा समितीला अधिकार नाही.

हे सगळे एका समितीच्या उत्साहावर सोडले तर पुढच्या निवडणुकीनंतर टिकत नाही. तक्रार वहीचे रकाने, कागदपत्रांची यादी, ग्रुपचे नियम आणि संघ चिठ्ठीने पाडण्याची पद्धत यांचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडावा, सूचक आणि अनुमोदक वेगवेगळ्या विंगचे घ्यावेत, आणि कार्यभार सोपवताना त्या ठरावाची प्रत चाव्या व चेकबुकांबरोबर नव्या सेक्रेटरीच्या हाती देऊन पोच घ्यावी.